एका मुलीची शाळा

आमच्याकडे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मागच्या अंगणात उभ्या होत्या. हातात चहाचा कप, अंगात जाड कोट, आणि मान सावकाश एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत फिरत होती. मला वाटलं, काहीतरी हरवलंय. दार सरकवून विचारलं तर म्हणाल्या, "इथे डोंगराची बाजू कुठली?"

मी हसले. हसायला नको होतं, पण टार्निटमध्ये डोंगर शोधणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मेलबर्नच्या पश्चिमेला ही आमची वसाहत. पोळपाटासारखी सपाट जमीन, तिच्यावर राखाडी छपरं, आणि छपरं संपतात तिथे पुढच्या छपरांसाठी ठोकलेल्या खुंट्या. मी ड्रेनेज इंजिनीयर आहे. नव्या वसाहतींमधलं पावसाचं पाणी कुठून कुठे न्यायचं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि शंभर मीटरला वीतभर उतार मिळाला तरी आमच्या ऑफिसात लोक खूश होतात.

"डोंगर नाहीये इथे," मी म्हटलं.

"मग घर कुठल्या दिशेला आहे हे कसं कळतं?"

"फोनमध्ये बघतो."

त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. पुढे आठवडाभर त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना रोज चुकल्या. बर्फाच्या वादळात चालत शाळा गाठणारी बाई आमच्या सरळसोट गल्लीत हरवायची, आणि माझी मुलगी सायकलवरून जाऊन त्यांना घेऊन यायची.

बाई म्हणजे जपानमधल्या एका डोंगराळ शहरातल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. माझी मुलगी इथल्या शाळेत चौथीत होती. तिथे मुलांना जपानी शिकवतात, आणि त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा आठवड्यांसाठी त्यांनी जपानहून एक पाहुण्या शिक्षिका बोलावल्या होत्या. त्यांना ठेवून घेणारं घर हवं होतं. त्याचा कागद मुलीने आणला, मी ट्रेनमध्ये असताना नवऱ्याने सही करून टाकली, आणि मला ते संध्याकाळी भाजी चिरताना कळलं. मी यथेच्छ चिडले. परकं माणूस, सहा आठवडे, तेही मुख्याध्यापिका! पण त्या आल्या, दारात वाकल्या, बूट काढून त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवली, आणि माझ्या तोंडून आपोआप "या बाई" निघालं. आमच्या लहानपणी शाळेत शिकवायची ती बाई. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, आणि मग त्या बाईच राहिल्या. त्यांचं नाव आणि त्यांच्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण या गोष्टीत एक लहान मुलगी आहे आणि ती अजून शाळेत जाते.

शहर म्हटल्यावर माझ्यासमोर सिग्नल आणि उंच इमारती आल्या होत्या. बाईंनी जेवणाच्या टेबलावर डावा हात पालथा ठेवला, बोटं फाकवली आणि म्हणाल्या, "हे आमचं शहर." बोटं म्हणजे डोंगराच्या सोंडा. मधल्या फटी म्हणजे खोरी. प्रत्येक खोऱ्यात एक नदी, नदीला चिकटून एक रस्ता, रस्त्याला चिकटून घरं. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर आधी मनगटापर्यंत खाली उतरायचं आणि मग पुन्हा वर चढायचं. मनगटाशी स्टेशन, हॉस्पिटल आणि नगरपालिका. पूर्वी ही सगळी वेगवेगळी खेडी होती. माणसं कमी होत गेली तशी सरकारने ती एकत्र बांधली आणि त्या मोळीला शहर म्हटलं. त्या शहरात बहुतेक सगळं जंगल आहे, आणि या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाचं बोलणं ऐकून अजूनही हसतो.

"मग शहर कशाला म्हणायचं?" मी म्हटलं. मला असल्या सरकारी हुशारीचा राग येतो.

"नकाशावर मोठं दिसतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी करंगळीशेजारच्या फटीच्या टोकावर बोट ठेवलं. "आमची शाळा इथे."

त्या शाळेत एकच मुलगी शिकत होती.

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी पुन्हा विचारलं. हो, एक. ती चौथीत होती. ती पहिलीत असताना सहावीत एक मुलगा होता; तो पास होऊन खालच्या शाळेत गेल्यापासून ती एकटीच. बाई, एक तरुण शिक्षक आणि ती. तिचं जेवण शिजवायला एक मावशी येत. दरवर्षी नगरपालिका विचारायची, शाळा चालू ठेवायची का? दरवर्षी गाव म्हणायचं, ठेवू. या वर्षी गाव म्हणालं, बाई, आम्हाला ठरवता येत नाही, तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य. बाईंनी आपलं मत लेखी कळवायचं होतं, आणि त्याची शेवटची तारीख होती त्यांच्या आमच्याकडच्या मुक्कामातला शेवटचा शुक्रवार. चालू ठेवा म्हटलं तर ती मुलगी आणखी दोन वर्षं एकटी शिकणार. बंद करा म्हटलं तर मार्चअखेर शाळेला कुलूप, आणि एप्रिलपासून ती बसने घाटातून खालच्या मोठ्या शाळेत जाणार.

"मग तुम्ही काय लिहिणार?" मी विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी इथे आले. तिथे असताना मला विचार करता येत नाही. समोर डोंगर दिसतो."

मला विचाराल तर उत्तर अगदी सोपं होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते दिलं. "शाळा बंद करायची नाही. अजिबात नाही!" कॉलेजात असताना दर रविवारी मी कुठला ना कुठला किल्ला चढायचे. डोंगरातली शाळा बंद झाली की दोन वर्षांत एसटी बंद होते आणि पाच वर्षांत घरं, हे मी मावळात डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते सगळं मी बाईंना पोळ्या लाटता लाटता सुनावलं. त्या ऐकत राहिल्या.

पोळ्यांवरून आठवलं. पहिले चार दिवस बाईंचे फार हाल झाले, आणि ते मी केले. पानात अन्नाचा कण टाकायचा नाही हे त्यांचं वळण. पाहुण्याचं पान रिकामं दिसू द्यायचं नाही हे माझं. त्या पान स्वच्छ करायच्या, मी वाढायचे. त्या पुन्हा स्वच्छ करायच्या, मी पुन्हा वाढायचे, आणि मनात म्हणायचे, एवढीशी बाई पण खाते चांगलं! पाचव्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हळूच विचारलं, तुमच्याकडे थांबा कसं म्हणतात? तो म्हणाला, "पुरे." त्या म्हणाल्या, "ते मी रोज म्हणते." तेव्हा त्याने सांगितलं की आमच्याकडे पुरे तीनदा म्हटल्याशिवाय कुणी खरं धरत नाही. त्या संध्याकाळी बाई ताठ बसून, प्रत्येक वेळी मोजल्यासारखं थांबून, तीनदा पुरे म्हणाल्या. मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली.

त्यानंतर जेवण झालं की आम्ही टेबलावरच बसून राहायचो आणि बाई सांगायच्या. त्यांचं इंग्रजी अडखळत चालायचं, पण मधेच कागदावर चित्र काढायच्या आणि सगळं लख्ख व्हायचं. मी स्वभावाने कुणाला पटकन मोठं म्हणणारी नाही. पण त्या काही संध्याकाळी मी तोंडात बोट घालून ऐकलं, हे कबूल करते.

त्यांच्याकडे बर्फ पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत चढतो. जुन्या घरांना वरच्या मजल्यावरही एक दार असतं, हिवाळ्यात त्यातून बाहेर पडतात. छपरावरचा बर्फ वेळेवर उतरवला नाही तर घर दबतं, म्हणून एकट्या म्हातारीच्या छपरावर सगळी वाडी फावडी घेऊन चढते, आणि ती खाली सगळ्यांसाठी रस्सा शिजवते. मी म्हटलं, आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात, फक्त बर्फाऐवजी नांगरट. बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

मग त्यांनी रस्त्याचं चित्र काढलं. रस्त्याच्या कडेने झाकणं असलेला पाट. वरच्या ओढ्याचं पाणी त्यात सोडलेलं असतं. झाकण उचलायचं, घरापुढचा बर्फ आत लोटायचा, पाणी तो नदीपर्यंत नेतं. पण सगळ्यांनी एकदम लोटला तर पाट तुंबतो आणि खालच्यांच्या घरात पाणी शिरतं. म्हणून वेळा ठरलेल्या असतात. वरच्या वाडीने सकाळी, मधल्या वाडीने त्यानंतर, खालच्यांनी शेवटी. कुणी चुकार निघाला तर?

"निघत नाही," बाई म्हणाल्या. "खाली कोण राहतं ते त्याला माहीत असतं."

मी पंधरा वर्षं पाण्याचे पाइप आखते आहे. कुणी वेळ पाळेल या भरवशावर मी एकही डिझाइन केलेलं नाही. लोक चुकणारच हे धरून पाइप एक माप मोठा टाकायचा, असं आम्ही शिकलो. त्या कागदावरच्या पाटाकडे मी बराच वेळ बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद ऑफिसात नेऊन भिंतीवर लावला.

रेशमाचं त्यांनी फार शांतपणे सांगितलं. त्या खोऱ्यात भात जेमतेम पिकायचा, म्हणून घरोघरी माडीवर रेशमाचे किडे पाळायचे. माणसं खाली दाटीवाटीने झोपायची, कारण वरची ऊबदार जागा किड्यांची. आणि मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की खिंड ओलांडून पलीकडच्या रेशमाच्या गिरण्यांत कामाला जायच्या. बाईंची पणजी तशीच गेली होती. बर्फात वाट घसरडी, एका बाजूला दरी. मुली कमरेचे पट्टे सोडून एकमेकींना बांधून घ्यायच्या आणि अशी माळ करून खिंड चढायच्या. एक घसरली तर बाकीच्यांनी रोवून उभं राहायचं.

माझी मुलगी मधेच म्हणाली, "बट दॅट्स इयर सेव्हन!"

त्या मुली परत आल्या, त्यांची लग्नं झाली, आणि त्यांनीच हट्ट धरला की आपल्या मुलींना इथेच शाळा हवी. तेव्हा प्रत्येक घराने आपल्या रानातलं एक झाड दिलं. त्या झाडांचे खांब झाले. पुढे एकदा शाळा दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा बाईंचे वडील पाठीवर लाकडं वाहायला होते. त्या स्वतः त्याच शाळेत शिकल्या, त्यांच्या घराचा खांब दुसरीच्या वर्गात आहे. रुसलं की जाऊन त्याला पाठ टेकून बसायचं, असं त्यांनी सांगितलं. आणि आता बंद करण्याचं पत्र लिहायचं तर त्यांनीच. हे ऐकल्यावर मी पुन्हा माझं भाषण केलं, पहिल्यापेक्षा मोठं.

नवरा बशा उचलत म्हणाला, "दुरून डोंगर साजरे. तुला काय, तू राहणार टार्निटमध्ये."

मी त्याच्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलले नाही.

बाईंनी त्या मुलीचे व्हिडिओ दाखवले. दप्तराला अस्वलासाठी घुंगूर बांधलेलं; अस्वलाला माणसाची चाहूल लागली की ते आपणहून वाट सोडतं. शाळेचा क्रीडादिन, त्यात पळायला सगळं गाव. रिले शर्यतीत ती मुलगी दांडू घेऊन पळत येते आणि पुढे उभे असतात पंचाहत्तर वर्षांचे आजोबा, गुडघ्याला पट्टा बांधून, हात मागे करून, तोंडावर विलक्षण गांभीर्य. संध्याकाळी पाच वाजता खोऱ्यातल्या सगळ्या भोंग्यांवर एक धून वाजते. मुलांनो, खेळ थांबवा, घरी जा, असा तिचा अर्थ. पूर्वी ती ऐकून दीडशे मुलं घराकडे पळायची. आता त्या वरच्या खोऱ्यात ती एका मुलीसाठी वाजते, आणि ती कुठल्याही शेतात असो, तिथला म्हातारा कुदळ ठेवून तिला घरापर्यंत सोडतो. सगळं खोरं मिळून एक पोर वाढवत होतं. अशी शाळा कुणी कशी बंद करू शकतं, असं मी म्हटलं, आणि त्या क्षणी मला ते अगदी मनापासून वाटत होतं.

चौथ्या रविवारी आम्ही बाईंना यू यांग्जला घेऊन गेलो. सपाटीवर मधेच उभे असलेले खडकाळ डोंगर, आमच्या घरापासून गाडीने जवळच. सिंहगड चढलेल्या माणसाने त्यांना डोंगर म्हणावं का हा प्रश्नच आहे, पण बाई पायथ्याशी थांबल्या आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. त्यांच्याकडे डोंगराचा देव वसंतात खाली उतरून भाताच्या खाचरात राहतो आणि कापणी झाली की परत वर जातो. "आमचा आत्ताच वर गेला असेल," त्या म्हणाल्या. मला हसू आलं नाही. आम्ही वर गेलो. माथ्यावरून एकीकडे समुद्र, आणि बाकी सगळीकडे जमीन, आभाळ टेकेपर्यंत. दूर आमची वसाहत, छपराला छप्पर लागून.

बाई मावळतीकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या खोऱ्यात हिवाळ्यात तीन वाजताच सूर्य डोंगराआड जातो. त्यांनी सूर्याला जमिनीपर्यंत उतरताना आयुष्यात फारसं पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तो पूर्ण पाहिला, खडकावर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून. मी रोज ऑफिसातून येताना त्याच सूर्याला शिव्या घालते, कारण तो स्टेशनवरून गाडी चालवताना डोळ्यांत येतो. तो बुडाल्यावर त्यांनी छपरांकडे बोट दाखवलं. "त्या सगळ्या घरांत मुलं आहेत?"

"बहुतेक घरांत," मी म्हटलं. "शाळेत जागा नाही म्हणून आवारात सुटे वर्ग आणून ठेवलेत."

"इतकी मुलं," त्या म्हणाल्या, आणि उतरताना वाटभर तेच दोनदा म्हणाल्या.

शेवटच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी शाळेत दोन्हीकडच्या मुलांची व्हिडिओवर भेट ठरली होती. मदतीला एक पालक हवा होता. मी ऑफिसात मेसेज टाकला की दुपारी येते, आणि गेले. वर्गात सव्वीस मुलं गालिच्यावर मांडी घालून बसली होती. पंजाबी, तेलुगू, सोमाली, व्हिएतनामी, आणि आमची एक. समोर मोठ्या पडद्यावर ती मुलगी. लाकडी वर्ग, मधोमध एकच बाक, खिडकीत डोंगर, त्याच्या माथ्यावर ताजा बर्फ. शेजारी तो तरुण शिक्षक उभा. मुलांनी एका सुरात शुभ सकाळचं "ओहायो" ठोकलं. ती इतकी दचकली की खुर्ची मागे सरकली, आणि मग हसली.

बाईंनी एक खेळ आणला होता. त्यांच्या शहराची चित्रं दाखवायची आणि दोन्ही भाषांत प्रश्न विचारायचे. उत्तरं त्या मुलीला झोपेतही येणारी होती. तिने आपलं गाव सगळ्यांना दाखवावं, असा बाईंचा बेत.

पहिलं चित्र घुंगराचं. हे दप्तराला का बांधतात? सव्वीस हात वर. काही मुलं गुडघ्यांवर उठून हात ताणत होती, "मिस, मिस!" करत होती. पडद्यावर ती मुलगी ताठ बसलेली, दोन्ही हात मांडीवर, नजर बाईंवर. बाई तिच्याकडे बघून थांबल्या. ती नुसती बघत राहिली. शेवटी बाईंनी एका मुलाला विचारलं आणि तो म्हणाला, हरवू नये म्हणून. दुसरं चित्र वरच्या मजल्यावरच्या दाराचं. पुन्हा सव्वीस हात. ती तशीच. तिसरं चित्र पाटाचं. मला वाटलं, लाजते आहे बिचारी.

माझी मुलगी माझ्या पायाशी बसली होती. ती वळून म्हणाली, "आई, व्हाय इज शी नॉट पुटिंग हर हँड अप? शी नोज इट!"

तिला माहीत होतंच. तिचे ओठ हलत होते. बाईंनी तिला नावाने विचारलं तेव्हा तिने एका दमात सगळं सांगितलं, पाट, झाकण, वेळा, वरची वाडी, खालची वाडी. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या चित्राला पुन्हा हातांचं रान उठलं आणि ती पुन्हा गप्प. तिने पडद्यातून त्या हातांकडे पाहिलं, मग आपल्या शिक्षकाकडे वळून काहीतरी विचारलं. बाईंना ते ऐकू आलं होतं. त्यांच्या हातातलं चित्र खाली आलं. मग त्या सावरल्या आणि त्यांनी खेळ शेवटपर्यंत नीट पार पाडला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, ती काय म्हणाली?

बाई समोर बघत होत्या. "तिने विचारलं, माझी बोलायची वेळ आली हे कसं कळतं?"

मी गाडी सुरू केली नाही.

"मी तिला हात वर करायला कधी शिकवलंच नाही," बाई म्हणाल्या. "मी विचारते, ती उत्तर देते. दुसरं कोण देणार? वर्षातून दोनदा तिला खालच्या शाळेत नेतो. तिथे ती पाहुणी. सगळे तिलाच आधी विचारतात. सदतीस वर्षं मी शिकवते आहे, आणि हे मला दिसलं नाही. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो ना. ती कुणाकडे बघते, हे कुणी बघितलं नाही."

माझ्याकडे नेहमी उत्तर असतं. नवरा म्हणतो, प्रश्नाच्या आधी असतं. त्या पार्किंगमध्ये मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. महिनाभर मी जी शाळा वाचवत होते ती त्या मुलीची नव्हतीच. मला सपाटीवर राहून डोंगर हवा होता, आणि त्यासाठी मी एका पोरीला आणखी दोन वर्षं एकटीला बाकावर बसवायला निघाले होते. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मलाही हवा होता."

त्या संध्याकाळी बाई त्या मुलीच्या आईशी तासभर फोनवर बोलल्या. शुक्रवारी दुपारी शाळेतून आल्या, समारंभासाठी आणलेला काळा कोट घातला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसल्या. पत्र चार ओळींचं होतं. त्यांनी ते मला इंग्रजीत करून वाचून दाखवलं. शाळा या मार्चअखेर बंद करावी असं माझं मत आहे. इमारत पाडू नये अशी विनंती आहे. विद्यार्थिनीला एप्रिलपासून खालच्या शाळेत घ्यावं. आजवर सांभाळल्याबद्दल गावाचे आभार. पाठवायचं बटण त्यांनीच दाबलं. मग खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या आणि लॅपटॉपच्या दिशेने कमरेत वाकल्या. खूप वेळ वाकलेल्या राहिल्या. मी देवळातसुद्धा घाईत नमस्कार करणारी; मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात जोडले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

तिकडे दुपारचे दोन वाजले होते, शाळा सुटायला अवकाश होता. मुलीच्या आईने सांगितलं होतं, तिला तुम्हीच सांगा. बाईंनी शाळेत फोन लावला, शिक्षकाने तो मुलीच्या हातात दिला. बाई सावकाश बोलत होत्या. मला एक शब्द कळत नव्हता, पण त्या कधी थांबल्या ते कळत होतं. त्या थांबल्या. मग पलीकडून एक बारीक आवाज, एकच वाक्य.

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "ती विचारते आहे, तिथे माझ्या शेजारी कोण बसेल?"

बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला आणि तिला खरं ते सांगितलं, की कुणीतरी बसेल, पण कोण ते आपल्याला माहीत नाही. त्यावर ती मुलगी हसली. माझ्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या या बाजूला, मला ते स्पष्ट ऐकू आलं.